पाणी कुठवर, आणि ओलं वाटतंय का? : नाशिकच्या एका लेखनगटाच्या नोंदी

२९ जून

आघातातून सावरणाऱ्यांच्या कवितागटासाठी खोली मिळाली. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका वाचनालयाचा वरचा मजला, एक शनिवार आड, दुपारी तीन ते पाच. खिडक्या रस्त्यावर उघडतात. खुर्च्या गोल मांडायच्या, पण दाराकडे कुणाची पाठ होणार नाही अशा. हे मॅडमनी सांगितलं. मॅडम आमच्या गटातल्या मानसशास्त्रज्ञ. प्रत्येक बैठकीला त्या असतील, आणि ज्या दिवशी त्यांना जमणार नाही त्या दिवशी बैठक होणार नाही. मी मराठी शिकवते, कविता लिहिते. उपचार करणं माझं काम नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते आहे.

गटात सात जण. सगळे आधीपासून उपचार किंवा समुपदेशन घेणारे, आपापल्या डॉक्टरांशी बोलून आलेले. उघडं आमंत्रण द्यायचं नाही यावर आमचं पहिल्यापासून एकमत होतं. मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. कविता माणसाला थेट दुसऱ्या टप्प्यावर नेऊन उभं करते, आणि ते फार चटकन करते. ज्याच्या पायाखाली अजून पहिलाच टप्पा पक्का नाही, त्याच्या हाती वही देऊन ‘मोकळे व्हा’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

बाकी ठरलं ते असं. वाचायचं की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. प्रसंग कसा घडला याचा तपशील कवितेत आणण्याची सक्ती नाही, गटात तर तो सांगायचाच नाही. वाचून झाल्यावर टाळ्या नाहीत, ‘वा, काय लिहिलंय’ नाही. कविसंमेलनाची सवय असलेल्यांना हे जड जाईल, मलाही जाईल, पण दाद मिळाली की पुढच्या वेळी माणूस दाद मिळेल असं लिहितो. कुणी वाचलं की बाकीच्यांनी फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं.

या नोंदींत नावं नाहीत, गावं बदलली आहेत. ज्या ओळी उतरवल्या आहेत त्या ज्याच्या त्याला विचारून.

६ जुलै

पहिली बैठक. लिहायला सांगितलंच नाही. मॅडमनी प्रत्येकाच्या हातावर एक लवंग ठेवली. चावा, डोळे उघडे ठेवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. डोळे उघडे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आपल्याकडे झोप लागत नाही म्हणणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो, डोळे मिटून ध्यान कर. बहुतेकांना त्याने बरं वाटतही असेल. पण ज्याचं मन आधीच शरीर सोडून बाहेर जातं, त्याला डोळे मिटले की जायला वाट मोकळी होते. लवंगेचा तिखटपणा, थंड पाणी, पायाखालची फरशी, या गोष्टी त्याला खोलीत धरून ठेवतात.

परिचय कामापुरता. रुग्णवाहिका चालवणारे दादा, मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याचा घाट त्यांच्या वाट्याला बरीच वर्षं होता. सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका. निफाड तालुक्यातल्या ताई, द्राक्षबागेच्या घरातल्या. एका रुग्णालयातल्या सिस्टर. नाशिकरोडहून येणारी कॉलेजातली मुलगी. आणखी दोघं जण, त्यांनी स्वतःबद्दल काहीही लिहू नका म्हटलंय, म्हणून त्यांच्याविषयी इथे एवढंच.

दादा म्हणाले, ‘‘आठवतं सगळं. गाडीचा नंबरसुद्धा आठवतो. पण ते माझं वाटत नाही.’’

सिस्टर लगेच म्हणाल्या, ‘‘मला उलट. मला काही आठवत नाही, आणि अंगाला सगळं आठवतं.’’

दोन वाक्यांत अख्खा विषय आला. पळता येत नाही, लढता येत नाही, अशा वेळी मन तिथून निघून जातं. देह मागे राहून सोसतो. हे निघून जाणं त्या क्षणी जीव वाचवतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पियेर जाने यांनी १८८९ मध्ये याबद्दल लिहिलं तेव्हापासून वैद्यकशास्त्राला ते ठाऊक आहे. तरी पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतरच्या तणावविकाराच्या निदानात, स्वतःपासून तुटल्यासारखं किंवा भोवतालचं जग खोटं वाटणं, असा वेगळा उपप्रकार नोंदवायला २०१३ साल उजाडलं. आमच्या गटातल्या चौघांना तरी आपल्याला वेड लागतंय अशी भीती वर्षानुवर्षं होती. कुणाला सांगणार? घरचे म्हणतात, इतकं होऊन डोळ्यांत पाणी नाही, दगडाची आहे.

१३ जुलै

बैठक नव्हती. मॅडमबरोबर बसून पुढच्या पद्धतीचा विचार केला.

‘मनात येईल ते पंधरा मिनिटं लिहीत सुटा’ ही पद्धत मला माहीत होती. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये ती विद्यार्थ्यांवर तपासली. ज्यांनी आघाताचे तपशील आणि भावना दोन्ही लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र लिहून उठल्याबरोबर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, आणि हा भाग लोक सांगताना गाळतात. २००६ मध्ये फ्राटारोली यांनी अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. परिणाम दिसला, पण छोटा. मॅडमचं म्हणणं, विद्यार्थी त्या रात्री खोलीवर परत गेले आणि मित्रांत झोपले. आपले सात जण कुठल्या घरात परत जातात ते बघ.

मला दुसरी अडचण दिसते. जो माणूस त्या प्रसंगात तिथे नव्हताच, त्याला ‘सविस्तर लिही’ म्हटलं तर तो काय लिहिणार? १९९६ मध्ये रॉश आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडी असलेल्या आठ जणांना त्यांच्याच प्रसंगाचं वर्णन ऐकवून मेंदूचं चित्रण केलं होतं. भीतीशी जोडलेले भाग जागे झाले, आणि बोलण्याशी जोडलेल्या ब्रोका भागाचं काम मंदावलं. आठच माणसं होती, त्यावर फार मोठं घर बांधू नये. पण वर्गात, दवाखान्यात, पोलीस चौकीत ‘नीट सांग, सुरुवातीपासून सांग’ म्हटल्यावर माणूस गप्प होतो, ते हट्टाने नव्हे, इतकं तरी त्यातून धरून ठेवावं.

सुरुवातीपासून सांगणं हे गद्याचं मागणं आहे. कविता तसं मागत नाही. तिला एक भांडं, एक आवाज, दाराची कडी पुरते, आणि मधलं कोरं सोडलेलं चालतं. म्हणून छोटं लिहायचं, ठरलेल्या साच्यात लिहायचं, सात-आठ मिनिटांत थांबायचं. साचा म्हणजे बंधन अशी तक्रार मी आयुष्यभर तरुण कवींकडून ऐकली. इथे मला साचाच हवा आहे, कारण त्याला शेवट असतो. दोन ओळी झाल्या की ओवी संपते, आणि लिहिणारा बाहेर येऊ शकतो.

२० जुलै

आज ओवी घेतली. ताईंमुळे हा दिवस मी लांबलचक लिहिणार आहे.

आधी थोडं बोलले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहाटे, दळताना, घरातलं कुणी जागं नसताना म्हटलेल्या. त्यांत भाऊ आहे, माहेर आहे, विठोबा आहे, आणि सासरचा जाच, मारहाण, मेलेलं मूलही आहे. बाई हे नवऱ्याला सांगत नव्हती, सासूला नव्हती. जात्याला सांगत होती, शेजारणीला सांगत होती. आणि स्वतःचं बोलणं झेपेना तेव्हा सीतेचं बोलत होती. सीतेच्या वनवासाच्या इतक्या ओव्या मराठीत आहेत, त्या काय फक्त रामायणासाठी? आपल्या पंचवटीत सीतागुंफेपुढे रांग लावलेल्या बायकांकडे बघताना मला दर वेळी वाटतं, यांच्यातली प्रत्येक जण काहीतरी सीतेच्या नावावर ठेवून जाते.

ताईंना ओव्या येतात, आजीकडून. त्यांचा नवरा गारपिटीच्या वर्षी गेला. कसा, ते त्यांच्या वहीत नाही, इथेही नाही. त्या म्हणाल्या, ‘‘तेराव्यानंतर चूल मीच पेटवली म्हणतात. मला ठाऊक नाही. मी दारात उभी होते आणि आत कुणीतरी भाकरी थापत होतं, ते बघत होते.’’ हे सांगताना आवाज अगदी सपाट, बाजारभाव सांगावा तसा. मॅडमनी त्यांना पाय फरशीवर दाबायला लावले.

मी म्हटलं, ताई, आतल्या बाईविषयी आजीच्या चालीवर काही बसतं का बघा. बसलं नाही तरी चालेल. त्यांनी कागद घेतलाच नाही. बोटं मांडीवर फिरवत म्हणाल्या:

सांगते बाई तुला, चूल पेटली घरात
भाकरी थापी कोणी, उभी मी ग दारात

आणि थोड्या वेळाने:

बागेला आला घड, तारेवरी ग तोलला
धनी गेला तिथून, एक शब्द ना बोलला

‘‘ऐकलं,’’ सगळे म्हणाले. काकांचा आवाज जरा उशिरा आला.

ताईंनी पहिली ओवी लिहून द्या म्हणून सांगितलं. मी उतरवून दिली, त्यांनी घडी करून कनवटीला लावली. दुसरी नको म्हणाल्या, ती आज इथेच राहू द्या. (मागाहून घातलेली ओळ: ऑगस्टात ती त्यांनी मागून घेतली.)

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ‘सांगते बाई तुला’ म्हटलं की समोर बाई आलीच. ऐकणारी ओळीतच बसलेली आहे. ताई दारात एकट्या उभ्या होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. ओवीत आहे.

३ ऑगस्ट

त्र्यंबकच्या बाजूला पाऊस झोडपतो आहे, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, घाटावर जाऊ नका म्हणून भोंगे फिरतात. सात जणांतले पाच आले. ठरलेला विषय बाजूला राहिला.

बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी मॅडम विचारतात, आत्ता अस्वस्थता किती, शून्य ते शंभर. जोसेफ वोल्पे यांनी रूढ केलेली ही मोजणी जगभर वापरतात. आमच्याकडे मात्र सगळे दर वेळी ‘पन्नास’ म्हणायचे. काका म्हणाले, ‘‘मी आयुष्यभर गेजने माप घेतलं, मॅडम. पण या आकड्यात मला काही सापडत नाही.’’

तेव्हा दादा म्हणाले, ‘‘मारुतीवर सांगू का?’’

नाशिकबाहेरच्यांसाठी: गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती नदीपात्रात उभी आहे. पूर किती आला हे नाशिककर घनफुटांत सांगत नाहीत, मारुतीवर सांगतात. पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला. छातीला म्हटलं की सराफ बाजार, भांडी बाजारात माल वर चढवायची धावपळ. गावातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना हे माप कळतं.

आम्ही तिथल्या तिथे ते घेतलं. पाणी कुठवर? ताई: कंबर. काका: गुडघा. मुलगी: गळा, पण सकाळी डोक्यावरून होतं. पन्नास कुणीच म्हटलं नाही.

दादा शेवटी राहिले. म्हणाले, ‘‘माझं छातीला आहे. असणारच, आज पुराची ड्युटी आहे. पण मला कोरडं वाटतंय.’’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप केला असं मला वाटलं. बधिर माणसाला अस्वस्थता विचारली तर तो शून्य म्हणतो, आणि समोरचा समजतो, बरा आहे. दवाखान्यातही असंच होतं, घरीही. ‘किती शांत आहे बघ.’ शांत नसतो तो. पाणी छातीला आहे आणि त्याला ओलं लागत नाही. आजपासून आमचे प्रश्न दोन: पाणी कुठवर, आणि ओलं वाटतंय का?

दादांनी आज लिहिलं नाही. ड्युटीला गेले.

१७ ऑगस्ट

समोरच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू झाला. गणपतीपर्यंत रोज. नाशिकचा ढोल, काचा थरथरतात. पहिल्या टिपरूला मुलीचा चेहरा पुसला गेला, सिस्टरनी कान झाकले. लिहिणं बंद, लवंगा, पाणी, मागच्या जिन्यावर थोडा वेळ. वेळ बदलली: आजपासून सकाळी अकरा. पथकाच्या पोरांना मी बोल लावणार नाही, त्यांचा सण आहे. पण एवढ्या गोंगाटाच्या गावात आघात झालेल्या माणसांनी दोन महिने कसे काढायचे, याचा विचार कुणीतरी करायला हवा.

३१ ऑगस्ट

काकांची कविता.

साचा निवडायची मुभा होती: ओवी, पत्र, यादी, किंवा तुमच्या कामाचा एखादा फॉर्म. काकांनी फॉर्म घेतला. कारखान्यात अपघात झाला की भरतात तसा, पट्टीने रेघा मारून आणलेला. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वाचताना पाठ ताठ होती.

सेकंड शिफ्ट. प्रेस चालू.
साडेआठला चहा.
आठ पन्नासला आवाज.
आवाज कुणाचा, लिहायला रकाना नाही.
मशीन बंद केलं. केलं कुणी, त्यालाही नाही.
मशीन धुतलं.
प्रेस चालू. शिफ्ट संपली.
खाली सही. अक्षर माझं आहे.

‘‘ऐकलं.’’

गटातल्या एकाने विचारलं, यात कविता कुठे आहे, हा तर रिपोर्ट. रागाने नव्हे, खरंच विचारलं. मी जे म्हटलं ते लिहून ठेवते, कारण मला ते आजही तसंच वाटतं. त्या रात्री काकांकडून जो रिपोर्ट भरून घेतला, त्यात हे काहीच नव्हतं. त्या कागदाने त्यांना गप्प केलं, आणि त्याच कागदाच्या रेघांत त्यांनी आता जे लिहिलं ते तिथे लिहायची सोय नव्हती. शेवटची ओळ पाहा. अक्षर माझं आहे. सही केली तेव्हा मी तिथे नव्हतो, आणि तरी होतो. कवितेकडून याहून जास्त काय मागायचं?

मुलगी म्हणाली, ‘‘काका, तो रकाना तुम्हीच काढा ना.’’ काकांनी मान हलवली. काढतो की नाही, ते बोलले नाहीत.

घरी आल्यावर डॉक्टर आर्थर ब्रॉक आठवले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात तोफांच्या माऱ्याने हादरलेले अधिकारी येत. तिथला विल्फ्रेड ओवेन हा कवी ब्रॉक यांचा रुग्ण. त्यांनी त्याला रुग्णालयाच्या मासिकाचं संपादन करायला लावलं, आणि ग्रीक पुराणातल्या अँटियसवर कविता लिहायला सांगितलं. अँटियसचे पाय जमिनीला लागले की त्याला बळ यायचं. हर्क्युलिसने त्याला उचलून अधांतरी धरलं आणि संपवलं. ब्रॉक यांना आपले रुग्ण तसे वाटत, जमीन सुटलेले. लवंग आणि फरशीचं आमचं काम शंभर वर्षं जुनं आहे म्हणायचं. ओवेनला लिहिता आलं, फार थोर लिहिता आलं, पण तो पुन्हा आघाडीवर गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायच्या आठवडाभर आधी मारला गेला. कविता माणसाला उभं करेल. त्याला परत कुठे पाठवायचं, हे मात्र कवितेच्या हाती नसतं. दादांकडे बघताना हे मनात येतं. ते अजून त्याच रस्त्यावर गाडी चालवतात.

१४ सप्टेंबर

दोन गोष्टी.

सिस्टर थांबल्या. करोनाच्या लाटेतला एप्रिल २०२१ या शहराने पाहिला आहे; २१ तारखेच्या ऑक्सिजन गळतीत वीसहून अधिक रुग्ण गेले, तो दिवस नाशिकमध्ये कुणी विसरलेलं नाही. सिस्टर तिथे नव्हत्या, दुसऱ्या रुग्णालयात होत्या, पण तो महिना त्यांच्या अंगात आहे. गेल्या काही आठवड्यांत त्या घरी रोज लिहायला लागल्या होत्या, पानंच्या पानं, रात्री दोन-अडीचपर्यंत. झोप उडाली, ड्युटीवर हात थरथरू लागले. मॅडमनी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून लिहिणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्या वही माझ्याकडे ठेवून गेल्या, बंद पाकिटात. मी ती उघडणार नाही. लिहिल्याने मन हलकं होतं, हे वाक्य आता माझ्याच्याने सरसकट म्हणवत नाही. काहींचं होतं. सिस्टरचं या घडीला होत नाही, आणि थांबणं हाच त्यांच्यापुरता योग्य निर्णय आहे.

दुसरं, मुलीने वाचलं. ती नाशिकरोडहून सिटीलिंकच्या शहर बसने येते, वाटेत द्वारका चौक लागतो.

बिटको. दत्तमंदिर. उपनगर.
इथपर्यंत मी आहे.
गांधीनगर.

निमाणी.
ताई, उतरा, शेवटचा स्टॉप.
तिकीट हातात आहे, हात माझ्याकडे आहे.
द्वारका कुठे गेली?

मधली एक ओळ तिने कोरी सोडली आहे आणि वाचताना तिथे तितकाच वेळ थांबली. ‘‘ऐकलं,’’ झालं, आणि ताई न राहवून म्हणाल्या, ‘‘द्वारका बुडाली ना ग बाई.’’ मुलगी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मॅडमनी विचारलं, पाणी कुठवर? म्हणाली, ‘‘कमरेला. आणि ओलं वाटतंय.’’

नंतर चहा घेताना तिने आपणहून सांगितलं की ती आता उपनगर आलं की लवंग तोंडात टाकते आणि सीटवरून उठून उभी राहते. कधी द्वारका दिसते, कधी नाही.

२८ सप्टेंबर

आज दादांनी प्रश्न विचारला, आणि तो बरेच दिवस त्यांच्या मनात असणार. ‘‘ताई तिसरंच कुणी असल्यासारखं लिहितात. काकांच्या कवितेत माणूसच नाही. बरं व्हायचं तर कधी ना कधी ‘मी’ लिहावं लागेल ना?’’

मॅडम म्हणाल्या, घाई नाही. स्वतःकडे जरा लांबून बघितलं तर भावनेचा भडका कमी होतो, हे एथन क्रॉस आणि ओझलेम आयदुक यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. पण तुमच्यापैकी काही जण आधीच फार लांब उभे आहात, त्यामुळे अंतर वाढवत नेणं हाही उपाय नाही.

मी रशियन कवयित्री अन्ना अख्मातोवाबद्दल सांगितलं. स्टालिनच्या काळात तिचा मुलगा तुरुंगात होता. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर बायकांच्या रांगेत तिने महिनोन्‌महिने काढले. त्यावरच्या ‘रेक्विएम’ या काव्यमालेत ती एका ठिकाणी म्हणते की हे सोसणारी मी नाही, दुसरंच कुणीतरी आहे, मला हे सोसलं नसतं. कागद जवळ ठेवणं धोक्याचं म्हणून मैत्रिणींनी ती कविता पाठ केली आणि कागद जाळले. रशियाबाहेर ती १९६३ मध्ये छापली गेली. ‘मी नाही’ असं लिहूनही त्या कवितेत ती पूर्णपणे उभी आहे, कारण ती रांगेतल्या बायकांशी बोलते आहे.

म्हणून दादांना माझं उत्तर असं होतं: ‘मी’ नाही लिहिलंत तरी चालेल. पण कवितेत कुणीतरी कुणाला तरी हाक मारलेली असू द्या. प्रसंग घडत होता तेव्हा तुम्ही गेलात आणि तुम्हाला कुणी हाक मारली नाही. कवितेत ती मारता येते. मग तो ‘तो’ असो, ‘ती’ असो, रकाना असो.

ताई ऐकत होत्या. जायच्या आधी बोटं तशीच मांडीवर फिरवत म्हणाल्या:

सांगते बाई तुला, तिला घरात घ्या कोणी
दारात भिजली ती, तिच्या पदराला पाणी

जुलैत त्या दारात कोरड्या उभ्या होत्या. मी काही बोलले नाही. ‘‘ऐकलं,’’ एवढंच.

५ ऑक्टोबर

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन. एका ओळखीच्या आयोजकांनी विचारलं, गटाने मंचावर कविता वाचाव्यात, चांगला हॉल आहे, पत्रकार येतील. मी गटाला विचारलं, उत्तर एका दमात आलं: नाही. काका म्हणाले, ‘‘मी रकाना काढलाय, तो सोसायटीतल्या लोकांना दाखवायला नाही.’’ काढला आहे, म्हणजे! फॉर्मच्या उजव्या बाजूला, पट्टीने, वर ‘कुणाचा’ असं शीर्षक घालून. आत काही भरलेलं नाही.

आयोजकांना मी नकार कळवला, आणि त्याऐवजी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कार्यक्रमात मोठ्या अक्षरांत लावा असं सुचवलं. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. त्यांनी ते मान्य केलं. संग्रह काढू म्हणणारेही भेटतात. आघाताच्या कवितांना आता मागणी आहे, हे मला दिसतं, आणि त्याची मला भीती वाटते. ज्याची कविता त्याची मालकी. फाडून टाकली तरी त्याचीच.

२६ ऑक्टोबर

या गटाची शेवटची बैठक झाली. वह्या ज्याच्या त्याच्याकडे. सिस्टरचं पाकीट त्यांनी येऊन नेलं; झोप सुधारते आहे, लिहायचं अजून नाही म्हणाल्या.

दादांनी शेवटपर्यंत कविता लिहिली नाही. ते प्रत्येक वेळी आले, प्रत्येकाला ‘ऐकलं’ म्हणाले. आज सुरुवातीला मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘गुडघ्याला. पायाची बोटं गार लागतायत.’’ मॅडमनी ते शब्दशः टिपून त्यांच्या डॉक्टरांना पाठवायची परवानगी घेतली. कवितेच्या गटात लिहायलाच हवं असा नियम पुढेही करायचा नाही.

पुढचा गट जानेवारीत, सकाळी अकरा. गणपतीचा ढोल आणि दिवाळीचे फटाके दोन्ही टळतील असे महिने निवडले आहेत, जानेवारी ते एप्रिल. घरी लिहायची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगायची: आठवड्यातून एकदा, दिवसा, आणि घरात दुसरं माणूस जागं असताना. दोन प्रश्न कायम.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पेठ तालुक्यातल्या एका बाईंचं नाव मॅडमकडे आलं आहे. त्यांची गाणी कोकणा भाषेत आहेत. मला कोकणा येत नाही, आणि त्यांना मराठीत म्हणायला लावणं मला पटत नाही. ज्या भाषेत त्यांना कुणी हाक मारू शकेल, त्याच भाषेत ते व्हायला हवं. त्यांच्या शेजारी बसून ऐकू शकेल अशी, त्यांच्या गावची नसलेली पण कोकणा बोलणारी एखादी बाई शोधते आहे. पेठ आणि सुरगाण्याकडच्या आशा कार्यकर्त्यांना निरोप दिले आहेत. डिसेंबरच्या आत कुणी मिळालं नाही, तर त्या बाईंची जागा राखून ठेवायची आणि गट सहा जणांवर सुरू करायचा.